स्वीडनची मुले आणि बाहेरचे खेळ



विटी-दांडू, ठिकरी आणि डबा ऐसपैस हे फक्त आपलेच खेळ, असे तुम्ही मानत असाल तर जरा थांबा. स्वीडनमधली मुलेही त्यांचे सख्खे भाऊ शोभतील असे खेळ खेळत आली आहेत. दोन दगडांवर आडवी ठेवलेली आखूड काठी लांब काठीने उडवायची, तो ‘विप्पा पिन्ने’. जमिनीवर घरे आखून लंगडत उड्या मारायच्या, तो ‘होप्पा हागे’. लपलेल्या गड्याने धावत येऊन डबा लाथाडला की धरलेले सारे सुटतात, तो ‘बुर्केन’. बुर्केन म्हणजे डबाच!

काही खेळ मात्र आपल्याला नवे आहेत. ‘ब्रेनबोल’मध्ये गोलंदाज नसतो. मुलगा स्वतःच चेंडू उडवून टोलवतो आणि चार खुणांभोवती धावतो. चेंडू परत आला तेव्हा तो दोन खुणांच्या मध्ये सापडला, तर ‘जळला’. ‘कुब्ब’मध्ये दोन्ही बाजूंना पाच-पाच लाकडी ठोकळे आणि मधोमध राजा असतो. सहा दांडकी फेकून समोरचे ठोकळे पाडायचे आणि राजाला सर्वांत शेवटी. राजा आधी पडला, तर डाव हरलात. गॉटलंड बेटावर या खेळाची जागतिक स्पर्धा १९९५ पासून भरते.

स्टॉकहोमला डिसेंबरात दुपारी तीनलाच अंधारते. तरीही तिथली मुले बाहेर खेळतात आणि आपल्याकडची मैदाने ओस पडतात. असे का? माझे उत्तर असे, की मोठ्या माणसांनी तिथे तीन गोष्टी जाणूनबुजून सांभाळल्या.

पहिली गोष्ट जागा. ‘अल्लेमान्सरेत’ म्हणजे सर्वांचा हक्क. कुणाच्याही मालकीच्या रानात फिरावे, बोरांसारखी रानफळे खुडावीत. मात्र घरांपासून आणि उभ्या पिकापासून दूर राहावे, कुणाला त्रास देऊ नये, नासधूस करू नये. ही जुनी रीत १९९४ मध्ये राज्यघटनेतही नोंदली गेली.

दुसरी गोष्ट कपडे. हवा वाईट नसते, कपडे वाईट असतात, अशी त्यांची म्हण आहे. आत लोकर, वर पाणी न शिरणारा डगला आणि विजार, की मूल पावसात मोकळे. दवाखान्यात आईबाप मला विचारतात, “डॉक्टर, भिजला तर सर्दी होईल ना?” सर्दी विषाणूमुळे होते आणि ते विषाणू बंद खोलीत अधिक सहज पसरतात. बेळगावच्या पावसात घोंगडीची खोळ पांघरून शेतावर जाणाऱ्या आपल्या आजोबांना ही स्वीडिश म्हण वेगळी सांगावी लागली नसती.

तिसरी गोष्ट माणसे. पूर्वी मोठी मुले धाकट्यांना खेळ शिकवत. ती साखळी शहरात सैल पडते, तिथेही पडली. १८९२ साली स्कीइंगच्या प्रसारासाठी निघालेल्या संस्थेत यॉस्टा फ्रोम यांनी १९५७ मध्ये ‘स्कूग्स्मुल्ले’ हे रानातले पात्र उभे केले. ‘मुल्ल’ म्हणजे माती. त्याच्या निमित्ताने मुले रानात जाऊ लागली. पुढे १९८५ मध्ये, स्टॉकहोमजवळच्या लिडिंग्यो बेटावर, दिवसाचा मोठा भाग उघड्यावर घालवणारी पहिली बालवाडी याच परंपरेतून निघाली.

तुम्ही म्हणाल, मोठ्यांनी शिकवलेला खेळ हा खेळ कसला? आक्षेप खरा आहे. भांडण मिटवणे, नियम बदलणे, हरल्यावर पुन्हा राज्य घेणे हे मुलांनी आपसांतच शिकायचे असते. म्हणून मोठ्यांनी जागा आणि वेळ द्यावी, आणि बाजूला बसावे.

आपण वर्षातून एकदा पारंपरिक खेळांचा महोत्सव भरवतो, विटी-दांडूसह फोटो काढतो आणि घरी जातो. त्यापेक्षा आपल्या गल्लीत रोज संध्याकाळी तासभर वाहने उभी करू नका. पोरांच्या अंगात रेनकोट घाला आणि दार उघडा. खेळ कोणता, ते त्यांचे ती ठरवतील.