गजराला माणसं लागतात



गणेश चवथीच्या दिवसांत मालवण, कुडाळ, कणकवली, कुठल्याही वाडीत रात्री गेलात तरी भजन कानावर येतंच. मंडळ घरोघर फिरतं. मुंबईहून आलेला चाकरमानी पेटीला बसतो, कुणी पखवाज मांडीशी ओढतो, ज्याला जे मिळेल ते टाळ-झांज उचलतो. गजर चढू लागला की माजघराच्या दारातल्या बायकाही टाळ्या धरतात. गाणारे किती आणि ऐकणारे किती, मोजताच येत नाही.

डबलबारीत तर ऐकणाऱ्यांवरच सगळं उभं असतं. दोन बुवा समोरासमोर. एकाने पुराणातला सवाल टाकायचा, दुसऱ्याने आपल्या बारीत जवाब द्यायचा. जवाब चोख बसला की मांडव उसळतो, आणि त्या आवाजावर बुवाचा गळा आणखी खुलतो. पहाट झाली तरी कुणी उठत नाही.

याच बाऱ्या आता यूट्यूबवर आहेत. विरार लोकलच्या गर्दीत कानात इअरफोन घालून त्या ऐकणारा आपला माणूस मला परका वाटत नाही. एकट्याने ऐकताना अभंगाचे शब्द सुटे कळतात, पखवाजाचा डावा हात कळतो. मांडवात ते कोरसाखाली बुडतात. शेजारच्या गोव्यातल्या केरी गावच्या गायिका केसरबाई केरकरांची ध्वनिमुद्रित भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. ध्वनिमुद्रणाची पोच एवढी मोठी, तिला कमी कोण लेखेल?

पण भजनाची शाळा खळ्यातच भरते. सात-आठ वर्षांच्या पोराच्या हातात कुणीतरी झांज देतं. ते चुकतं, पखवाजी नुसता डोळे वटारतो, पोर सावरतं. हळूहळू ठेका अंगात मुरतो आणि एक दिवस तेच पोर पखवाजामागे बसतं. रेकॉर्डिंग कितीही उत्तम असलं, तरी चुकलेल्या झांजेकडे ते वळून पाहत नाही. वर्षातले कितीतरी महिने कुलूप असलेल्या घरांच्या वाडीत ही बैठक एकदा मोडली, की पुढच्या चवथीला कोरस धरायला माणसं कुठून आणायची?

म्हणून मुंबईच्या मंडळींना एक विनंती. यंदा गावी याल तेव्हा मोबाईल खिशात राहू द्या आणि सोबतच्या मुलाला भजनात पुढे बसवा, पखवाजाच्या अगदी जवळ. मालवणी येत नसली तरी चालेल.