छापलेले पुस्तक दुकानात कसे पोचेल?



स्वखर्चाने पुस्तक छापू इच्छिणाऱ्या भगिनींसाठी दोन शब्द सांगते.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली आपल्या पुण्यातच, श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती ५००, किंमत नऊ आणे. पुढे ते विस्मृतीत गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा ते सर्वांसमोर आले. छापणे हे निम्मेच काम, बायांनो!

माझ्या पुस्तकाच्या प्रती पिशवीत घालून मी अप्पा बळवंत चौकात हिंडले, तेव्हा समजले की अनोळखी लेखिकेचे पुस्तक दुकानदार बहुधा रोखीने घेत नाही. विकले तर पैसे, नाही तर प्रती परत! त्याचीही जागा अडकते. म्हणून किंमत ठरवितानाच त्याचे कमिशन धरावे. पुस्तकाच्या पाठीवर नाव छापावे, म्हणजे फळीवर उभे असतानाही ते वाचता येते. प्रथम पाचच प्रती ठेवाव्यात, पावती घ्यावी आणि महिन्याने हिशेबाला जावे.

आणि आपण सर्वांनी? मैत्रिणीचे पुस्तक तिच्याकडे फुकट मागू नये. दुकानात जाऊन, नाव घेऊन मागावे आणि विकत घ्यावे. चार गिऱ्हाइकांनी विचारले की दुकानदार आपण होऊन प्रती मागवितो.