सर्वांची वास्तू आणि एकाचा आशीर्वाद



नव्या वास्तूत पहिला प्रवेश शब्दांचा होतो. घर असेल तर वास्तुशांत होते. सार्वजनिक इमारत असेल तर कोनशिलेचे अनावरण, दीपप्रज्वलन आणि ईशस्तवन होते. कित्येक ठिकाणी निरनिराळ्या धर्मांच्या प्रतिनिधींना पाचारण करून सर्वधर्मप्रार्थनाही म्हटली जाते. दिल्लीतील नव्या संसदभवनाचे उद्घाटन २८ मे २०२३ रोजी झाले, तेव्हा होमहवनानंतर अशी प्रार्थना झाली व तीत ख्रिस्ती धर्माचाही सहभाग होता.

अशा प्रसंगी ख्रिस्ती धर्मोपदेशकापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. वास्तू सर्वांची, श्रोते नाना धर्मांचे. मग आशीर्वाद कोणाच्या नावाने मागावा? ख्रिस्ताचे नाव गाळले, तर प्रार्थना त्याची स्वतःची राहत नाही. घेतले, तर या वास्तूवर कोणी हक्क तर सांगत नाही ना, अशी शंका काही मनांत येते. ग्रंथालय हीही सर्वांची वास्तू असल्याने या प्रश्नाचा विचार येथे अप्रस्तुत ठरू नये.

वास्तूच्या समर्पणाचा बायबलमधील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग ‘पहिले राजे’ या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात आहे. यरुशलेमचे मंदिर बांधून झाल्यावर राजा शलमोन वेदीसमोर उभा राहून प्रार्थना करतो. ज्याला आकाशही पुरे पडत नाही, तो परमेश्वर या घरात कसा मावेल, अशी शंका तो स्वतःच उपस्थित करतो. पुढे तो दूरदेशाहून येणाऱ्या परक्या माणसासाठीही मागणे मागतो, की त्याने या घराकडे तोंड करून प्रार्थना केली, तर तीही ऐकली जावी. बांधणाऱ्याने आपल्याच वास्तूच्या मर्यादा सांगाव्यात आणि परक्याचा वाटा आधीच राखून ठेवावा, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ‘गणना’ या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात याजकांनी उच्चारावयाचा जो प्राचीन आशीर्वाद आहे, त्याचा मूळ हिब्रूतील अखेरचा शब्द ‘शालोम’, म्हणजे शांती. आपल्या वास्तुशांतीशी त्याचे नाते निराळे सांगावयास नको.

आता भाषेकडे वळू. परक्या धर्माचा आशीर्वाद मराठी कानांना आपला वाटावा, हा प्रयत्न चारशे वर्षांहून जुना आहे. इंग्लंडातून १५७९ साली गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचले. १६१६ साली रायतूर येथे छापलेल्या या ग्रंथाचा आरंभ पुराणाच्या रीतीने नमनानेच होतो. मात्र ज्या साष्टी प्रांतात स्टीफन्स यांनी सेवा केली, तेथेच १५६७ साली शेकडो देवळे पाडली गेली होती, हेही विसरून चालत नाही. भाषा आपलीशी केली म्हणजे सत्तेचे भय नाहीसे होते असे नाही. ख्रिस्ती आशीर्वादाविषयी कोणाच्या मनात संशय डोकावला, तर त्याला इतिहासाचेही कारण आहे.

धारवाडला बासेल मिशनचे ठाणे १८३७ साली झाले, हुबळीस १८३९ साली. पुढे कन्नड-इंग्रजी कोशामुळे अजरामर झालेले फर्डिनंड किट्टेल यांनी १८६२ साली ‘कथामाले’त ख्रिस्तचरित्र देशी छंदांत गायिले. मराठीत ही वाट रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी प्रशस्त केली. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी तुकोबांचा अभंग सोडला नाही, आणि १९१७ साली स्थापिलेल्या ‘देवाच्या दरबारा’त बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान दिले. ख्रिस्ताचे नाव टिळकांनी कधी लपविले नाही. त्या नावाभोवतीची परकेपणाची भिंत तेवढी दूर केली.

तरीही प्रश्न उरतोच, आणि त्याची सर्वांत कठोर कसोटी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात लागली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले आणि पुढील वर्षी पुण्यास आलेले हे विधवांचे आश्रयस्थान धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असा शब्द दिला गेला होता. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार लावून घेत नसत, आणि काही मुली तेथे येऊन बसत. यावरून वादळ उठले. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाशी असलेला संबंध तोडला. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादात दोन्ही पक्षांकडे सत्य होते. स्वतःच्या खोलीत स्वतःच्या देवाला हाक मारण्याचा अधिकार रमाबाईंना कोण नाकारणार? पण ज्या मुलींना दुसरा आसरा नव्हता, त्यांच्या दृष्टीने आश्रयदात्रीची प्रार्थना ही केवळ एका व्यक्तीची प्रार्थना नव्हती, ही पालकांची भीतीही निराधार म्हणता येत नाही. प्रार्थनेचे शब्द तेच असले, तरी ते कोठून उच्चारले जातात यावर त्यांचे वजन ठरते. खोलीतून निघालेला शब्द व्यक्तीचा असतो. व्यासपीठावरून निघालेला शब्द वास्तूचा मानला जातो, आणि श्रोत्याला सहजासहजी उठून जाता येत नाही.

म्हणून सार्वजनिक वास्तूला आशीर्वाद देणाऱ्याने नावाच्या बाबतीत प्रामाणिक आणि मागण्याच्या बाबतीत उदार असावे. ज्याच्या नावाने तो प्रार्थना करतो, ते नाव त्याने निःसंकोच घ्यावे. ते गाळून सर्वांना सारखेच पोकळ वाटणारे शब्द बोलण्यात कोणाचाच सन्मान नाही. परंतु मागणे असे असावे, की ते ऐकून सश्रद्धानेच नव्हे, तर नास्तिकानेही ‘असेच होवो’ म्हणावे. येथे न्याय मिळो, येथे रोगी बरा होवो, येथे ज्ञानाला कुलूप न लागो. श्रोत्यांच्या श्रद्धेत उणे काढणारा किंवा त्यांना आपल्या पंथात बोलावणारा एकही शब्द त्यात नसावा. हा दंडक अर्थात ख्रिस्ती धर्मोपदेशकापुरता नाही. मंत्र, आयत वा वचन म्हणणाऱ्या प्रत्येकाला तो लागू आहे.

मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. १२९० साली नेवाशास ज्ञानदेवांनी ग्रंथ पूर्ण करून जे पसायदान मागितले, ते ‘विश्वात्मक’ देवाला उद्देशून होते, आणि त्यात दुर्जनांचाही अव्हेर नव्हता. एका ग्रंथाच्या समाप्तीला मागितलेले ते दान आज शाळांपासून सभागृहांपर्यंत म्हटले जाते.

ग्रंथालयाच्या फळीवर ज्ञानेश्वरी, क्रिस्तपुराण आणि रमाबाईंचे मराठी बायबल शेजारी शेजारी राहू शकतात. कोणत्याही ग्रंथाला आपले नाव झाकावे लागत नाही, आणि कोणताही ग्रंथ शेजारच्याची जागा मागत नाही. या वास्तूत व्यासपीठावरून जो जो शब्द उच्चारला जाईल, त्याला हीच शिस्त लाभो, ही शताब्दीच्या प्रसंगी शुभेच्छा.