माणगंगेकाठचं म्हसवड

आज जाऊया म्हसवडला, माणगंगेच्या काठी.
हे गाव गाडीतून बघू नका. पायी बघा.

माणगंगा माणदेशाच्या दुष्काळी मुलखातली नदी.
बरेच महिने पात्र कोरडंच असतं.
पण गाव वसलं ते तिच्याच आधाराने.

सुरुवात करा सिद्धनाथाच्या मंदिरापासून.
मार्गशीर्ष प्रतिपदेला, म्हणजे देवदिवाळीला, इथे रथ निघतो.
लाकडी रथ माणसंच ओढतात.
गुलाल आणि खोबरं उधळलं जातं.

इतिहासातल्या सरदार नागोजी मान्यांचं गाव ते हेच.

आता वळा इथल्या घोंगडीकडे.
मुंबई-सोलापुरात गिरण्यांचे भोंगे वाजले.
म्हसवडला भोंगा नव्हता. इथे होता खड्ड्यातला माग.
धनगरांनी मेंढ्यांची लोकर कातरायची.
घरातल्या बायांनी सूत कातायचं.
त्या सुताला चिंचोक्याची खळ द्यायची.
मग सणगर विणकर मागावर बसायचे.
खळीने नवी घोंगडी अशी ताठ, की अंगावर घेतली तर टोचते!
पण थंडी-पावसात मेंढपाळाला तीच हवी.
एखादा जुना विणकर भेटला, तर घाई करू नका.
जरा बसा, ऐका.

पुढे नदीवरच राजेवाडीचा तलाव आहे.
१८७६-७७च्या दुष्काळात लोकांना काम मिळावं, म्हणून हे काम काढलं.
तलाव सातारा जिल्ह्याच्या कडेला.
पाणी मात्र सांगली-सोलापूरच्या शेतांना.
माणदेशी माणूस यावर काय म्हणतो, ते तिथेच विचारा!

तर श्रोतेहो, म्हसवड पायीच बघा.
निघा सकाळी लवकर.
पाण्याची बाटली आणि टोपी विसरू नका.
माणदेशातलं ऊन कडक असतं.