संशोधनाची समान कसोटी

शास्त्रज्ञ मोजतो, समाजशास्त्रज्ञ विचारतो. एकाच्या हाती तराजू, तर दुसऱ्याच्या हाती प्रश्नावली. मग या दोघांना एकच कसोटी कशी लावावयाची? या प्रश्नाचा विचार करताना चंदीगड आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशातील दोन घटना उद्बोधक ठरतात.

पहिली घटना शिळांची. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातील एका भूशास्त्रज्ञाने वीस वर्षांहून अधिक काळ हिमालयातील जीवाश्मांवर निबंध प्रसिद्ध केले. देशोदेशीचे विद्वान त्यांचे सहलेखक होते. जीवाश्म खरे होते; पण ते कोठे सापडले, हे संदिग्धच राही. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी ‘नेचर’ नियतकालिकात दाखवून दिले की, हिमालयाच्या नावावर मांडलेले काही नमुने मोरोक्को आणि न्यूयॉर्क येथील जीवाश्मांशी जुळतात. पुढे विद्यापीठाच्या चौकशीतही आरोप खरे ठरले.

दुसरी घटना माणसांची. पंजाबातील खन्ना परिसरातील खेड्यांत १९५० च्या दशकात हार्वर्डच्या संशोधकांनी कुटुंबनियोजनाचा प्रयोग केला. पुष्कळांनी संततिनियमनाच्या गोळ्या स्वीकारल्या. परंतु जन्मप्रमाण अपेक्षेप्रमाणे उतरले नाही. महमूद ममदानी यांनी त्यांपैकी मानुपूर गावी जाऊन लोकांना पुन्हा बोलते केले. पाहुण्यांचे मन मोडू नये म्हणून अनेकांनी गोळ्या घेतल्या होत्या. वापरल्या मात्र नव्हत्या. शेतीला हात हवे होते, म्हणून मुले हवी होती. १९७२ साली त्यांनी हे पुस्तकरूपाने मांडले.

पहिल्या ठिकाणी लबाडी होती, दुसऱ्या ठिकाणी केवळ गैरसमज. खोट्या ठिकाणामुळे हिमालयाचा इतिहास बिघडतो. न वापरलेल्या गोळीच्या नोंदीमुळे राष्ट्राचे धोरण चुकते. परंतु दोन्ही दोष उघडकीस आले ते एकाच मार्गाने: दुसऱ्या कोणी तरी मूळ वस्तूकडे, मूळ माणसाकडे परत जाऊन पडताळा घेतला, तेव्हा.

हीच ती समान कसोटी. तिचे पालन मात्र दोहोंकडे वेगळ्या रीतीने होते. शिळेचा पत्ता जाहीर करावा लागतो. माणसाचे नाव झाकावे लागते. तरीही प्रश्न कसा विचारला, कोणी विचारला, उत्तर देणाऱ्याला काय संकोच होता, हे सांगता येतेच.

गावच्या पंचनाम्यात जागा, वेळ आणि साक्षीदार नोंदवितात, ते उद्या कोणी शंका घेतली तर उत्तर देता यावे म्हणून. संशोधकाचा निबंधही असाच असावा. परत जाण्याची वाट जो मोकळी ठेवतो, त्याचीच चूक सुधारते, आणि त्याच्याच सत्यावर विश्वास ठेवता येतो.