लघवीची घाई आणि गोळ्यांची पिशवी
(गणेशोत्सवात जयेंद्रगंज येथे महिलांसमोर झालेल्या व्याख्यानाचा सारांश)



बाप्पाच्या उत्सवात लघवीबद्दल काय बोलायचं, असं कुणाला वाटलं असेल. पण आरतीला दाराजवळची खुर्ची धरणाऱ्या, पुण्याला जाताना रेल्वेत पाणीच न पिणाऱ्या बायका आपल्याच घरातल्या आहेत. एकाएकी जोराची घाई होणं, वारंवार जावं लागणं, रात्री उठावं लागणं, कधी वाटेतच कपडे ओले होणं, याला ‘अतिसक्रिय मूत्राशय’ म्हणतात. हा वयाचा भोग नव्हे. यावर उपचार आहेत.

माझ्या मावशीला 72व्या वर्षी यासाठी ऑक्सिब्युटिनिन सुरू झालं. घाई कमी झाली, पण तोंडाला कोरड पडली, पोट साफ होईना आणि ती ओळखीची नावं विसरू लागली. घरचे म्हणाले, ‘वय झालं आता.’ सर्दी-खाजेची आणि झोपेची गोळी ती आधीपासून घेत होती. तिन्हींचा परिणाम एकाच जातीचा. पण तिन्ही गोळ्या एकत्र कुणी पाहिल्याच नव्हत्या! औषधं बदलल्यावर ती बरीच सावरली.

असं का होतं? ही औषधं ॲसिटिलकोलीन या रसायनाचा निरोप अडवतात. त्यामुळे मूत्राशय शांत होतं. पण तोच निरोप लाळेला, आतड्यांना आणि मेंदूलाही लागतो. ऑक्सिब्युटिनिन 1975 पासून वापरात आहे. टॉल्टेरोडिन आणि सॉलिफेनासिन त्याच गटातली नंतरची. जुनी गोळी स्वस्त आणि सवयीची, म्हणून चिठ्ठीवर सहज लिहिली जाते. निम्म्याहून अधिक बायका वर्षाच्या आत ती सोडून देतात. अमेरिकेतल्या स्त्री-मूत्ररोगतज्ज्ञांच्या संस्थेने 2021 मध्ये सांगितलं की सत्तरीपुढच्या स्त्रियांना शक्यतो हा गट देऊ नये. 2012 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं मिराबेग्रॉन वेगळ्या वाटेने काम करतं. मात्र त्याने रक्तदाब वाढू शकतो, म्हणून तो तपासत राहावा लागतो.

गोळीच्या आधीही पुष्कळ करता येतं. लघवीत जंतुसंसर्ग नाही ना, साखर वाढलेली नाही ना, हे तपासा. चहा-कॉफी कमी करा; पाणी मात्र तोडू नका. घाई झाली की लगेच न धावता थोडं थांबा, आणि दोन खेपांमधलं अंतर हळूहळू वाढवा. डॉ. केगल यांनी 1948 मध्ये मांडलेला, लघवी रोखणारे स्नायू आवळण्याचा व्यायाम रोज करा. गुण यायला दोन-तीन महिने लागतात.

एवढं लक्षात ठेवा: डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या. काचबिंदू असेल तर आधी सांगा. ‘ही गोळी किती दिवस घ्यायची?’ हे विचारा. मनाने गोळी बंद करू नका, आणि लाजेने गप्पही बसू नका. पुढच्या वर्षी आरतीला पुढच्या रांगेत बसा.

गणपती बाप्पा मोरया!