बाळाची वाटी



उष्टावणाच्या दिवशी घरोघर चांदीची वाटी निघते. परंतु दुसऱ्या दिवसापासून त्या वाटीत काय येते? बहुधा वरणावरचे पाणी! पातळ ते हलके आणि हलके तेच बाळाला मानवणारे, अशी आपली समजूत.

घोटाळा इथेच आहे. सहा महिने पूर्ण झाले की नुसते आईचे दूध पुरेनासे होते; जन्मतः मिळालेली लोहाची शिदोरीही सरत येते. बाळाचे पोट मात्र एवढेसे. ते पाण्यानेच भरले, तर अन्नाला जागा कुठली? बाळ रडत नाही, म्हणून आपण निर्धास्त राहतो; आणि वजन वाढत नाही.

उपाय महाग नाही. लाल भोपळ्याच्या किंवा गाजराच्या चार फोडी झाकण ठेवून थोड्या पाण्यात मऊ शिजवाव्यात. त्यांत मऊ भात आणि शिजलेली मुगाची डाळ घालून सारे एकजीव घोटावे. वर अर्धा चमचा तूप हवेच. कारण भाजीतल्या ज्या केशरी द्रव्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते, ते स्निग्धाबरोबरच अंगी लागते. मीठ-साखर घालू नये. मध तर वर्षाच्या आत मुळीच नको. आरंभी दोन-तीन चमचे पुरेत. आईचे दूध चालूच ठेवावे.

चमचा तिरपा केला तरी चटकन ओघळू नये, इतके ते दाट असावे. वाटी चांदीची असो वा स्टीलची. बाळाच्या अंगी लागतो तो आतला दाटपणा.